विद्या वाटली की वाढते



पन्नास वर्षे कीर्तनासाठी गावोगाव हिंडलो. आता गुडघे ऐकत नाहीत, म्हणून टाळ खुंटीला लावले आहेत. बसल्या जागी एका डॉक्टरांची सेवा मनात घोळते, ती तुमच्यापुढे मांडतो.

आमच्या लहानपणी पोराला हगवण लागली की त्याचे पाणी तोडत. पाणी पाजले तर जुलाब वाढतात, असा समज होता. माझी धाकटी बहीण त्यातच गेली. घरचे म्हणाले, देवाने नेली. साखर-मिठाचे पाणी घोटघोट पाजले असते तर ती बहुधा जगली असती, हे मला फार उशिरा कळले. औषध घरातच होते. फक्त ते ज्ञान घरात नव्हते.

१९७० साली डॉ. रजनीकांत आरोळे आणि त्यांच्या पत्नी डॉ. मेबल आरोळे जामखेडला आले. दोघे वेल्लोरला वैद्यकी शिकलेले, पुढे अमेरिकेतही शिकून आलेले. रोगी तपासत बसले असते तरी लोकांनी त्यांना डोक्यावर घेतले असते. पण दवाखान्यात बरे झालेले पोर घरी जाऊन तेच गढूळ पाणी पिऊन पुन्हा आजारी पडते, हे त्यांनी पाहिले. मग त्यांनी गावोगावच्या बायांना शिकवायला घेतले. बहुतेकींना अक्षरओळख नव्हती, कित्येक दलित वस्तीतल्या. बाळंतपण कसे करावे, बाळाचे वजन कसे घ्यावे, कुष्ठ आणि क्षय कसे ओळखावेत, हे त्या शिकल्या. पुढे देशोदेशीचे डॉक्टर जामखेडला आले, तेव्हा त्यांना शिकवायलाही याच बाया उभ्या राहिल्या.

माउलींनी गीता मराठीत आणली, ती याच न्यायाने. बंद कुलपातले ज्ञान ज्याचे त्याच्या हाती दिले.

आणि कारभार म्हणाल, तर हातपंपाचे पाहा. आरोळ्यांच्या कामात हातपंप दलित वस्तीत बसवले गेले. पाणी सगळ्यांनाच हवे, म्हणून सगळे गाव तिथे आले. वाळवंटात आपण एकमेकांच्या पाया पडतो, जात विचारत नाही. पण गावी परतलो की पाणवठे वेगळे. समतेवर मी कीर्तने पुष्कळ केली. पंपाच्या दांड्याने ती घराघरात पोचवली.

१९७९ साली दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मेबलताई १९९९ मध्ये गेल्या, डॉक्टर २०११ मध्ये. काम थांबले नाही, कारण ते एकट्याच्या हातात ठेवलेलेच नव्हते. फड असाच चालतो, गुरू गेला तरी टाळकरी उभे असतात.

तेव्हा माउली, एवढे करा. एक लिटर स्वच्छ पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. हगवण लागलेल्याला हे थोडे थोडे पाजत राहा आणि लगेच दवाखाना गाठा. यंदा दिंडीत हे माप निदान एकाला तरी शिकवा, आणि त्याला सांगा, तूही पुढे एकाला शिकव.