थकलेलं लोखंड

रात्रपाळीला भट्ट्या पेटल्या की जालना एमआयडीसीतल्या माझ्या शेडच्या पत्र्यावर लालसर उजेड हलत राहतो. धंदा फॅब्रिकेशनचा: शेड, जिने, ग्रील. इतकी वर्षं समोरून भंगाराचे ट्रक जाताना बघतोय. मोडक्या सायकली, गंजके पाईप, पत्र्याचे दाबलेले गठ्ठे आत जातात आणि सळईची बंडलं होऊन बाहेर पडतात. लोखंड 1538 अंशांना वितळतं; त्या आचेत कुणाचं मूळ गाव उरत नाही. जुन्या सामानाचं घर बांधायला काढलं तेव्हा म्हणूनच वाटलं, हे आपल्याला नाही जमायचं तर कुणाला?

कदीम जालन्यात एक वाडा उतरवत होते. सागाच्या तुळया, चौकटी, शहाबादी फरश्या, विटा असं सगळं उचललं. दुसरीकडे सिमेंटचा एक जुना स्लॅब फोडला होता, त्यातल्या सळया स्वस्तात मिळाल्या. वाकड्या होत्या, म्हणून पोरांना घणानं सरळ करायला बसवलं. मिस्त्रींनी एक सळई हातात फिरवून बघितली आणि खाली टाकली. "भाऊ, हे लोखंड थकलंय."

मी ऐकलं नाही. स्लॅबला नको, निदान छज्ज्याला तरी वापरू म्हटलं. टोकाला हूक वळवताना एक सळई कट्‌ करून तडकली. मग शहाणपण सुचलं आणि तुकडा काट्यावर ठेवला. 12 मिलिमीटरची सळई मीटरला 888 ग्रॅम भरायला हवी. ही 760 भरली. उरलेलं गंजानं खाल्लं होतं. आणि जे शिल्लक होतं, तेही एकदा वाकून पुन्हा सरळ केल्यानं आतून ताठरलं होतं. एवढं आयुष्य लोखंडात गेलं, आणि ओळखलं गवंड्यानं!

विटांनी वेगळाच धडा दिला. वाड्याच्या विटा चुन्यात बांधलेल्या. थापीच्या कडेनं टोकलं की चुना पापुद्र्यासारखा सुटायचा, वीट अख्खी हातात. स्लॅबवाल्या इमारतीच्या विटा सिमेंटमध्ये जखडलेल्या. सांधा सुटायच्या आधी वीटच फुटायची. दोन विटा एकमेकींवर वाजवायच्या, खणखणीत नाद आला तर ठेवायची. शंका आली तर चोवीस तास पाण्यात बुडवायची. वजनाच्या 20 टक्क्यांहून जास्त पाणी प्यायली तर ती भिंतीला नको, जोत्याच्या भरावाला. पश्चिमेची भिंत लॉरी बेकरांनी केरळात रुजवलेल्या रॅट-ट्रॅप पद्धतीनं केली. विटा कडेवर उभ्या, मध्ये पोकळी. विटा साधारण चौथाईनं वाचतात, आणि आपल्याकडच्या मे महिन्यातलं ऊन त्या पोकळीत अडतं. सगळ्या भिंतींना मात्र ते जमलं नाही. जुन्या विटा एका मापाच्या कुठून आणायच्या?

वाड्याचे दगड वापरायचे का, यावर घरात वाद झाला. 30 सप्टेंबर 1993 ची किल्लारीची पहाट मराठवाड्यात कोण विसरेल? मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती, त्यावर मातीचं जड माळवद. सगळं झोपलेल्या माणसांवर आलं. दोष एकट्या दगडाचा नव्हता. भिंतीच्या दोन्ही अंगांना बांधून ठेवणारे आरपार दगड नव्हते, हे जुनं सामान वापरणाऱ्यानं पाठच करावं. मी दगड जोत्यापुरतेच घेतले आणि वर हलकं पत्र्याचं छप्पर टाकलं.

त्या छपराच्या कैच्या एका मोडीत निघालेल्या शेडच्या. त्या वेल्डिंग न करता बोल्टनं जोडल्या. वेल्डिंग माझं पोट भरतं, तरी म्हणतो: उद्या कुणाला हे उतरवावं लागलं तर कटर न लावता पान्यानं उतरेल.

दौलताबादजवळ दोन मैत्रिणींनी 16 हजारांच्या आसपास बाटल्यांत प्लास्टिकचा कचरा ठासून 'वावर' नावाचं घर उभं केलं. त्यांच्या चिकाटीला मानलं. पण प्लास्टिक भिंतीत घालायला माझा हात धजत नाही. तो माझा स्वभाव म्हणा.

सुताराचे हाल वेगळे. तुळईत दडलेल्या जुन्या खिळ्यानं त्याच्या रंध्याचं पातं दोनदा गेलं. तिसऱ्यांदा त्यानं माझ्याकडून लोहचुंबक मागून घेतलं आणि वैद्यानं नाडी बघावी तसं लाकडावरून फिरवलं.

थकलेल्या सळया शेवटी भट्टीच्या भंगारातच दिल्या. पावती 340 किलोची. त्या पैशांत भर घालून छज्ज्यासाठी तिथल्याच नव्या सळया आणल्या. मिस्त्रींनी एक हूक वळवला. मी कान देऊन उभा होतो. आवाज आला नाही.