पत्ता विचारत बालमोराला

मागच्या लाँग वीकेंडला आमचा अख्खा ग्रुप लोणावळ्याच्या ट्रॅफिकमध्ये अडकला होता, तेव्हा मी मस्तपैकी व्हार्डनफेलला जाऊन आले. व्हिसा नको, रिझर्व्हेशन नको. २००२ सालच्या ‘मॉरोविंड’ या गेममधलं हे बेट.

जहाजातून उतरलात की सेडा नीन, दलदलीतलं छोटंसं गाव. सरकारी कचेरीत नोंद करायची आणि एक पाकीट बालमोराला पोचवायचं. गावाबाहेर घराहून उंच किडा उभा असतो, सिल्ट स्ट्रायडर. इथली एसटीच म्हणा ना! भाडं भरलं की थेट बालमोरा. पण दादाचा नियम होता, पहिल्यांदा चालतच जायचं.

शाळेत असताना आम्ही एकाच कॉम्प्युटरवर खेळायचो. मी चालवायचे, तो वहीत रस्ते उतरवायचा. कारण इथे कुठे जायचं ते दाखवणारा बाणच नाही. माणसांना विचारायचं, ती सांगतील ते लक्षात ठेवायचं.

बेथेस्डा कंपनीचा आधीचा ‘डॅगरफॉल’ (१९९६) अवाढव्य होता, पण बराचसा कॉम्प्युटरनेच रचलेला. मॉरोविंडचं जग त्यापुढे चिमुकलं, मात्र हाताने मांडलेलं. तरी ते केवढं मोठं वाटतं! रस्ते वळणावळणाचे, चाल संथ, मधोमध रेड माउंटन आडवा आणि थोडं पुढे सगळं धुक्यात.

यावेळी मी ओपनएमडब्ल्यू या नव्या इंजिनवर ते धुकं काढून टाकलं. आणि किनाऱ्यावरून चक्क विवेक दिसायला लागलं! (हो, शहराचं नावच ते.) लहानपणी जिथे पोचायला आमची अख्खी दुपार जायची, ते हे एवढ्याशा अंतरावर? सॉलिड हिरमोड झाला. गुपचूप धुकं परत लावलं.

पेलागियाडच्या पुढे फाटा आला. वही काढली, तर नेमक्या त्याच पानावर चहाचा डाग. दादा आता टोरांटोत. आमचं बोलणं म्हणजे वाढदिवसाचा मेसेज. तरी फोन लावलाच.

‘‘डावीकडे की उजवीकडे?’’

तो क्षणभर गप्प. मग हसला. ‘‘अगं, विचार ना कुणाला तरी.’’

‘‘विचारतेय की!’’

चाळीस मिनिटं बोललो. फाट्याचं राहूनच गेलं. पाकीट अजून माझ्याच बॅगेत आहे.