दोन सर्वनामे आणि एक भिंत

व्याकरण हा विषय प्रवासाच्या सामानात कुणी धरत नाही. गरम कपडे, औषधे, चिवड्याचा डबा, पेटीचे कुलूप, सारे आठवणीने भरले जाते. व्याकरणाला मात्र घरी ठेवून माणूस मोकळा होतो. पण ज्याने वीस वर्षे महाविद्यालयात मराठी शिकवले, त्याच्या मागे ते न बोलावता येतेच. पेरू देशी, अँडीज पर्वतात, इंकांचे अवशेष दाखवणाऱ्या एका दिवसाच्या सहलीला आम्ही गेलो. दगड पाहिले, हिमशिखरे पाहिली, लामा नावाचा तो मान ताठ ठेवणारा प्राणीही पाहिला. परंतु त्या दिवसातून माझ्याबरोबर घरी आली ती दोन सर्वनामे!

मराठी माणसाला 'आम्ही' आणि 'आपण' यांतला भेद कुणी शिकवावा लागत नाही. 'आम्ही सिनेमाला चाललो' म्हटले की ऐकणाऱ्याने घरी राहायचे. 'आपण सिनेमाला जाऊ' म्हटले की त्याने चपला घालायच्या. इंग्रजीतल्या 'वी'ला आणि हिंदीतल्या 'हम'ला हा भेद ठाऊक नाही. आमची कन्या इंग्रजी शाळेत शिकते. ती मराठी बोलते, पण तिच्या मराठीत आतून 'वी' बोलत असतो. "बाबा, आम्ही जेवायला कुठे थांबणार?" असे ती विचारते, आणि मी म्हणतो, "तुम्ही कुठंही थांबा, मला भूक नाही." विनोद जुना झाला आहे, पण मनातली बोच जुनी होत नाही.

सौ.ची लिमाला एक परिषद होती. त्या निमित्ताने आम्ही तिघे कुस्कोपर्यंत गेलो. कुस्को ही इंकांची राजधानी, सुमारे ३,४०० मीटर उंचीवर वसलेली. सकाळी कोकाच्या पानांचा चहा पिऊन बसमध्ये बसलो. मार्गदर्शक म्हणून एक चाळिशीच्या बाई होत्या. डोक्यावर फेल्टची टोपी, आणि इंग्रजी स्वच्छ. पहिला थांबा चिंचेरो. कळसूबाईवर दुसरी कळसूबाई रचून ठेवली तरी या गावाची उंची गाठता येत नाही. चार पायऱ्या चढलो की पाचवीला 'जरा थांब' म्हणावे लागे. इंका राजा तुपाक युपांकी याचा वाडा इथे होता. त्याच्या चिरेबंदी जोत्यावर स्पॅनिश लोकांनी मातीच्या विटांचे चर्च उभे केले. खाली एकाचे राज्य, वर दुसऱ्याचा देव!

चर्चपासून थोड्या अंतरावर काही बायका लोकर रंगवीत होत्या. निवडुंगावर वाढणारा एक बारीक किडा त्यांतल्या एकीने तळहातावर चिरडला, तशी मेंदी रंगावी तसा लालभडक रंग उमटला. वर लिंबू पिळताच तो नारिंगी झाला. ती बोलत होती आणि आमच्या बाई उलथा करून सांगत होत्या. तिच्या बोलण्यात एक शब्द पुनःपुन्हा येऊ लागला, तेव्हा मी तो विचारला.

"ञोकायकू," बाई म्हणाल्या. "म्हणजे आम्ही. तुम्हांला सोडून आम्ही. तुम्हांला धरून म्हणायचं असेल, तर ञोकांचिस. इंग्रजीत हे सांगायला फार त्रास होतो."

"मराठीत मुळीच होत नाही," मी म्हणालो, आणि आपले 'आम्ही' व 'आपण' त्यांना सांगितले. बाईंनी ते दोन शब्द तीनदा म्हणून पाहिले. कन्येने वहीत त्यांचे दोन शब्द उतरवून घेतले. अँडीजमधल्या त्या आद्याक्षरासाठी तिने चक्क 'ञ' वापरला! शंभर मुले पाठ करतात आणि एकालाही कधी कामी येत नाही असे आपल्या वर्णमालेतले हे अक्षर. त्या बिचाऱ्याला अखेर इतक्या लांब नोकरी मिळाली.

तिथून मोराय. जमिनीत एकाखाली एक उतरत गेलेल्या गोल पायऱ्यांची शेते, जणू एखादी अवाढव्य पुष्करणीच. मोठ्या खळग्याची खोली सुमारे ३० मीटर, आणि वरच्या व तळच्या पायरीच्या हवामानात चांगलाच फरक पडतो. "ही इंकांची शेतीची प्रयोगशाळा होती," असे बाईंनी इंग्रजीत ठणकावून सांगितले. मी सहज विचारले, "हेच तुमच्या भाषेत कसं सांगाल?" त्या हसल्या. "आमच्या भाषेत इतकं ठणकावून नाही सांगता येत. स्वतः पाहिलं असेल तर शब्दाला 'मी' जोडायचं, ऐकीव असेल तर 'सी'. इथं मला 'सी'च म्हणायला हवं."

वा! त्यांचा 'सी' म्हणजे आपला 'म्हणे'. 'इथे म्हणे प्रयोगशाळा होती.' इतिहासाच्या किती ग्रंथांना हा एक प्रत्यय लावून छापले असते तर केवढे भांडण वाचले असते! आणि त्यांचा 'मी' तर आपल्या कानाला 'मी साक्षीला आहे' असाच लागतो.

दुपारी उरुबांबा नदीच्या खोऱ्यात जेवण झाले. पानात तीन रंगांचे बटाटे होते. बटाटा मूळचा याच डोंगरांतला. इतकेच काय, आपल्या उपासाच्या खिचडीतला साबुदाणा ज्या कंदापासून करतात तो कंद, शेंगदाणा आणि मिरची, ही मंडळीही अमेरिका खंडातूनच आपल्याकडे आली. एकादशीचे निम्मे पुण्य त्या खंडाच्या खात्यावर लिहायला हरकत नाही.

जेवताना बाई आपल्या भाषेविषयी बोलल्या. जग तिला केचुआ म्हणते. ते लोक 'रुनासिमी' म्हणतात, म्हणजे माणसांची भाषा. 'सिमी' म्हणजे तोंडही आणि भाषाही. इंकांना लेखन नव्हते. हिशेब ते दोऱ्यांच्या गाठींत ठेवीत. लिपी आली ती स्पॅनिश लोकांबरोबर. १५६० साली दोमिंगो दे सांतो तोमास या धर्मोपदेशकाने तिचे पहिले व्याकरण स्पेनमध्ये छापले. फादर स्टीफन्स यांचे कोकणीचे व्याकरण रायतूरला छापले गेले ते १६४० साली, म्हणजे ऐंशी वर्षांनंतर. पुढे १७८० साली दुसऱ्या तुपाक आमारूने बंड केले. १७८१ च्या मे महिन्यात त्याला कुस्कोच्या चौकात हालहाल करून मारले, आणि पाठोपाठ इंकांचा वेश व त्यांची भाषा यांच्यावर बंदीचा हुकूम निघाला. भाषा तरीही डोंगरात टिकली. १९७५ साली पेरूच्या सरकारने तिला राजभाषेचा मान दिला. २०१७ च्या जनगणनेत ३७ लाखांवर लोकांनी ती आपली मातृभाषा म्हणून सांगितली.

"मग आता काळजी नाही," सौ. म्हणाल्या.

बाई बटाट्याची साल काढीत होत्या. "माझी आई गावी असते, तिला स्पॅनिश थोडंच येतं. माझी मुलगी कुस्कोत वाढली. आजी फोनवर रुनासिमीत विचारते, नात स्पॅनिशमध्ये उत्तर देते. दोघी एकमेकींना समजतात, असं दोघीही म्हणतात. हुकमानं जे झालं नाही ते असं होतंय."

टेबलाच्या या बाजूला कुणीच काही बोलले नाही. मी कन्येकडे पाहिले नाही. तिने मात्र माझ्याकडे पाहिले असावे.

संध्याकाळी ओयांतायतांबोला पोचलो. डोंगराच्या अंगावर चढत गेलेल्या शेतांच्या पायऱ्या, आणि माथ्यावर सहा प्रचंड शिळांची एक भिंत. एकेक शिळा गुलाबी दगडाची, काही पन्नास टनांच्या घरातल्या. खाण नदीपलीकडच्या डोंगरात. लोखंड नाही, गाडा नाही. दोर, उतार आणि माणसांचे खांदे. वाटेत सोडून दिलेल्या शिळा अजून पडल्या आहेत. त्यांना 'थकलेले दगड' म्हणतात. १५३७ साली मांको इंकाने इथेच नदीचे पाणी मैदानात सोडून स्पॅनिश घोडेस्वारांना परतवून लावले. भिंत मात्र अपुरीच राहिली.

"आम्ही हे चाकाशिवाय बांधलं," बाई इंग्रजीत म्हणाल्या.

आणि आमची कन्या वही उघडून त्यांना विचारती झाली, "यातलं कुठलं 'आम्ही'?"

बाई थोडा वेळ भिंतीकडे पाहत राहिल्या. "पर्यटकांना 'वी' सांगणं सोयीचं असतं," त्या म्हणाल्या. "त्यात कोण आहे आणि कोण नाही, हे उघडं पडत नाही. पण आईसमोर मला दोन्हींतलं एकही म्हणता येणार नाही. ती म्हणेल, दगड ओढणारे आपले होते, राहणारे दुसरे."

इंकांच्या राज्यात प्रत्येक घराला पाळीने सरकारची चाकरी करावी लागे. राज्य मोठे झाले ते शंभरएक वर्षांत, एकेक मुलूख जिंकून. आणि अशा जिंकलेल्या मुलखांतली माणसे दूरदूरच्या कामांवर नेली जात. मला आपले गड आठवले. सुट्टीच्या दिवशी रायगडावर उभे राहून 'आपला गड' असे आपण छाती भरून म्हणतो, आणि ते म्हणावेच. पण त्या 'आपण'मध्ये चुन्याच्या घाण्याभोवती फिरणारा आणि डोक्यावर चिरा घेऊन चढणारा माणूसही धरलेला असतो का? आपल्या भाषेने हा प्रश्न विचारण्याची सोय करून ठेवली आहे. ज्या दिवशी दोन्ही शब्दांचा एकच 'वी' होईल, त्या दिवशी प्रश्नही विचारता येणार नाही. भाषा मरते तेव्हा आधी शब्द जात नाहीत, असे हे भेद जातात. आणि गेल्याचे कुणाला कळत नाही.

कुस्कोला परतलो तेव्हा दिवे लागले होते. बस थांबली. बाईंनी हात जोडून एक लांबलचक शब्द उच्चारला, "तुपानांचिसकामा." निरोपाचा शब्द, 'पुन्हा भेटेपर्यंत' अशा अर्थाचा.

चार पावले गेल्यावर कन्या थबकली. "बाबा, त्यात 'ञचिस' ऐकलंत? म्हणजे त्या नुसतं 'भेटू' नाही म्हणाल्या. 'आपण' भेटू म्हणाल्या."

दम लागलेला होता, म्हणून मी नुसती मान डोलावली.