भिंतीवरचे ठिगळ

बदलीच्या नोकरीत घरे बदलतात. सरकारी निवासस्थानांच्या भिंतींवरील ठिगळे मात्र सर्वत्र सारखीच भेटतात. दिल्लीकडे जिला 'सीलन' म्हणतात, ती आपली ओल. रंगाचे पोपडे सुटतात, पांढरा खार फुटतो. तक्रार केली की रंगारी येतो, लांबी भरतो, वर रंगाचा हात मारतो आणि सही घेऊन जातो. पुढच्या पावसाळ्यात डाग पुन्हा हजर!

वस्तुतः आधी गळका नळ किंवा गच्चीतील भेग शोधून बंद करावयास हवी. मग सुटलेला गिलावा विटेपर्यंत खरवडावा. नव्या गिलाव्यावर किमान ७ दिवस पाणी मारावे व पुढे साधारण महिनाभर तो सुकू द्यावा. त्यानंतर प्रायमर, लांबी आणि रंगाचे दोन हात. तेही कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत संपूर्ण भिंतीला. जुना रंग फिकटलेला असतो व नवा गिलावा रंग अधिक शोषतो, म्हणून नुसते ठिगळ उठून दिसते.

केंद्र शासनाच्या तक्रार निवारणाची मुदत २०२४ मध्ये ३० दिवसांवरून २१ दिवसांवर आली. हे स्वागतार्हच आहे. परंतु गिलावा परिपत्रक वाचत नाही. अधिक वेळ लागणार असल्यास अंतरिम उत्तर देण्याची सोय त्याच व्यवस्थेत आहे. 'गळती बंद केली, भिंत सुकत आहे' हे उत्तर ओल्या भिंतीवरील रंगापेक्षा प्रामाणिक ठरेल.

कनिष्ठ सहकाऱ्यांना मी एवढेच सांगतो: रंगकामाचे देयक मंजूर करण्यापूर्वी भिंतीला हात लावून पाहा.