तारकेचा अर्थ

अर्थविचार शिकवण्यात माझी पंचवीस वर्षे गेली. तरीही एका लहानशा तारकेचा अर्थ लावताना मी चुकले, आणि त्या चुकीची किंमत दुसऱ्याच कोणाला तरी मोजावी लागली.

शेतीच्या अवजारांची बोलींतील नावे गोळा करण्याचे काम आम्ही काही जण करीत होतो. एका भागात जिला पाभर म्हणतात, तिला दुसरीकडे तिफण म्हणतात. कुळव आणि वखर यांच्या सीमा तर गावागणिक सरकतात. या नोंदी संगणकावर येत. मग त्यांचा वर्णक्रम लावायचा, दुबार नोंदी शोधायच्या, परस्परसंदर्भ जुळतात का ते पाहायचे आणि शेवटी सूची सिद्ध करायची. ही सारी कामे ओळीने उरकणाऱ्या प्रक्रियेला संगणकाच्या जगात ‘बिल्ड’ म्हणतात. ते रोज रात्री आपोआप व्हावे म्हणून आम्ही जेन्किन्स ही प्रणाली सर्व्हरवर बसवली. कोहसुके कावागुची यांनी सन मायक्रोसिस्टिम्समध्ये असताना ती ‘हडसन’ या नावाने सुरू केली होती. पुढे ओरॅकलशी नावावरून वाद झाला आणि २०११ मध्ये तिचे दुसऱ्यांदा बारसे झाले. अनेक प्रोग्रामरांनी लिहिलेले भाग एकत्र येताच तपासून घेणे, हे तिचे मुख्य काम. आमची शब्दसूची त्या मानाने किरकोळच.

जेन्किन्सला वेळ सांगण्याची भाषा युनिक्सच्या ‘क्रॉन’कडून आलेली आहे. एका ओळीत पाच घरे : मिनिट, तास, तारीख, महिना, वार. मराठीत आपण ‘सोमवारी रात्री दोन वाजता’ असे मोठ्याकडून लहानाकडे येतो. इथे आरंभच मिनिटापासून. ज्या घरात ठरावीक आकडा नसेल, तिथे तारका घालायची. मला रात्री दोनला काम व्हायला हवे होते. मी तासाच्या घरात २ लिहिले आणि उरलेल्या चारही घरांत तारका घातल्या.

तारका म्हणजे ‘याविषयी मला काही म्हणायचे नाही’, असे मी समजले. प्रणालीच्या लेखी तिचा अर्थ ‘प्रत्येक’ असा होता. तारीख, महिना आणि वार या घरांत दोन्ही अर्थांचे फळ एकच, त्यामुळे माझा गैरसमज तिथे उघडा पडला नाही. मिनिटाच्या घरात मात्र ‘कोणत्याही मिनिटाला’ आणि ‘प्रत्येक मिनिटाला’ यांत साठपटींचे अंतर आहे. ‘कोणताही’ आणि ‘प्रत्येक’ यांतला भेद मी वर्गात फळ्यावर किती वेळा मांडला असेल! शिवाय, ओळ लिहिताच जेन्किन्सने इंग्रजीतून विचारले होते, की तुम्हाला खरोखर दर मिनिटाला असेच म्हणायचे आहे का? यंत्राचा प्रश्न तो. मी वाचला आणि पुढे गेले.

दुसरी चूक ‘दोन’ या शब्दातच होती. सर्व्हर भाड्याचा, त्याचे घड्याळ जागतिक प्रमाणवेळेवर चालणारे. त्याचे रात्रीचे दोन म्हणजे आपले सकाळचे साडेसात. ‘आज’, ‘इथे’, ‘मी’ यांचे अर्थ बोलणाऱ्यावर अवलंबून असतात, हे आपण या अभ्यासक्रमात पाहतोच. घड्याळातले ‘दोन’ही त्याच जातीचे.

आमच्या गटात आपल्यासारखीच, नोकरी सांभाळून शिकणारी एक विद्यार्थिनी होती. तिला मिळणारा मोकळा वेळ सकाळी साडेसात ते साडेआठ एवढाच. बिल्ड चालू असताना नवी नोंद जतन होऊ नये, अशी व्यवस्था मीच करून घेतली होती. एक बिल्ड पाऊण मिनिट चाले आणि पुढच्या मिनिटाला दुसरे सुरू होई. तिच्या बऱ्याचशा नोंदी त्यामुळे हवेत विरत होत्या. ‘मॅडम, काल केलेले आज दिसत नाही,’ असे तिने दोनदा सांगितले. ‘जतन केल्याची खात्री करून मगच उठत जा,’ असे मी म्हणाले. दुसऱ्या खेपेला जरा तुटकपणेच. त्यानंतर तिने विचारले नाही. गेलेल्या नोंदी ती मुकाट्याने पुन्हा टंकित करीत राहिली.

एकविसाव्या दिवशी मी सहज बिल्डचा क्रमांक पाहिला. २१ असायला हवा होता, १२६० होता.

दुरुस्ती दोन मिनिटांची निघाली. वरच्या ओळीत आशिया/कोलकाता हा कालविभाग लिहिला आणि मिनिटाच्या घरातल्या तारकेच्या जागी एच हे अक्षर घातले. हे अक्षर जेन्किन्सची स्वतःची भर आहे. त्या तासातले एक मिनिट प्रणाली कामाच्या नावावरून स्वतः ठरवते आणि रोज तेच पाळते, म्हणजे सगळी कामे एकाच क्षणी सर्व्हरवर तुटून पडत नाहीत. मराठीतल्या ‘दोनच्या सुमारास’ला इतके वक्तशीर रूप मी प्रथमच पाहिले.

तिला दूरध्वनी केला आणि चूक माझी होती हे सांगितले. ती क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, ‘मॅडम, मला वाटलं माझाच संगणक जुना आहे. नवा घेण्यासाठी पैसे साठवायला लागले होते.’

तिची वही मी मागवून घेतली. त्या तीन आठवड्यांच्या नोंदी वहीशी ताडून, राहिलेल्या सगळ्या मीच टंकित केल्या. त्याला अकरा दिवस लागले, रोज सकाळी साडेसात ते साडेआठ.