शब्दाचा जामीन

दिलेल्या शब्दाची किंमत काय, हा प्रश्न देण्याघेण्याच्या कागदांत जसा उठतो, तसाच तो राष्ट्राराष्ट्रांच्या व्यवहारांतहि उठतो. युक्रेनच्या परराष्ट्रव्यवहाराचा अलीकडचा इतिहास वाचतांना आम्हांस याचा वारंवार प्रत्यय आला.

१९९१ मध्यें सोव्हिएट संघ मोडला आणि युक्रेनच्या वांट्यास जगांतील तिसऱ्या क्रमांकाचा अण्वस्त्रसांठा आला. वांटण्या व्हाव्या, तिजोरी धाकट्याच्या खोलींत राहावी आणि किल्ल्या मात्र थोरल्याच्या कनवटीस असाव्या, तशी ही स्थिति होती. कारण अस्त्रें डागण्याचे संकेत मॉस्कोच्या हातीं होते. सांठा राखण्यास पैसा नव्हता, आणि राखल्यास रशिया व अमेरिका दोघेहि रुष्ट होणार हें उघड होतें. अखेर ५ डिसेंबर १९९४ रोजीं बुडापेस्ट येथें रशिया, अमेरिका व ब्रिटन यांनीं युक्रेनच्या स्वातंत्र्याचा व सीमांचा मान राखण्याचें लेखी वचन दिलें. १९९६ सालीं शेवटचें अण्वस्त्र रशियास गेलें.

परंतु हा कागद नीट वाचला पाहिजे. त्याच्या युक्रेनियन व रशियन प्रतींतील शब्दाचा अर्थ 'हमी'. इंग्रजी प्रतींत मात्र 'आश्वासन' असा सौम्य शब्द आहे. जामीन राहणारास वेळ आल्यास पदरचें भरावें लागतें. आश्वासन देणारा नुसता हळहळला तरी चालतें. वचन मोडल्यास कोणीं सैन्य धाडावें, याविषयीं कागदांत एक ओळहि नाहीं. आहे ती परस्परांशीं विचारविनिमयाची, आणि अण्वस्त्रांचें संकट आल्यास सुरक्षा परिषदेकडे जाण्याची तरतूद. त्या परिषदेंत रशियास नकाराधिकार आहे! २०१४ मध्यें रशियानें क्रीमिया घेतला. २४ फेब्रुवारी २०२२ रोजीं मोठी स्वारी केली. आणि दुसऱ्याच दिवशीं परिषदेंतील निषेधाचा ठराव, ११ मतें अनुकूल असतांहि, रशियाच्या एका मतानें पडला. आपला देश त्या वेळीं तटस्थ राहिला.

"काका, मग त्यांनीं अस्त्रें दिलींच कां?" असें आमच्या पुतण्यानें विचारलें. त्याचा एक वर्गमित्र खार्किव्ह येथें वैद्यक शिकत असतां २०२२ सालीं जीव मुठींत धरून परतला. तेव्हां हा प्रश्न त्याला केवळ पुस्तकी नव्हता. आम्ही म्हणालों, "बाळ, त्या वेळीं त्यांना दुसरी सोपी वाट नव्हती. त्यांनीं जामीनहि मागितला होता. पण जामीन राहण्यास अमेरिका तयार झाली नाहीं." पुढें २००८ मध्यें बुखारेस्ट येथें नाटो संघानें 'तुम्ही आमचे सभासद व्हाल' असें सांगितलें, पण तिथि सांगितली नाहीं. होकार कळवावा आणि मुहूर्त धरूं नये, असाच हा प्रकार.

यांतील हानि एकट्या युक्रेनची नव्हे. यापुढें एखाद्या लहान राष्ट्रास 'अस्त्रें टाका, आम्ही आहोंत' असें कोणी म्हणालें, तर तें राष्ट्र बुडापेस्टचा कागद पुढें करील. शस्त्र टाकणारा नागवला जातो असें एकदां जगास दिसलें, म्हणजे शस्त्र टाकण्यास कोण धजेल? थोरांनीं मोडलेल्या शब्दाचें ऋण धाकट्यांच्या पुढच्या पिढ्यांस फेडावें लागतें, तें असें.