एफडी मोडण्याआधी

पुणे, मंगळवार रात्र

चि. शरद,

फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून पत्र. काल नीलिमाचा फोन आला होता. तू एफडी मोडून तीन लाखांची दुर्बीण घ्यायला निघाला आहेस, आणि गेल्या अमावस्येला एकटाच चाळकेवाडीच्या पठारावर जाऊन पहाटे चारला गाडी हाकत घरी आलास, हे मला तिच्याकडून कळलं. तुझ्या मेसेजात मात्र एवढंच : ‘ताई, सहा इंची की आठ इंची?’ वर कुणीतरी काढलेला मृगातल्या तेजोमेघाचा फोटो आणि खाली, ‘डिसेंबरात असा काढून दाखवतो.’

रिटायर होऊन तुझी ही पहिली दिवाळी. हार्मोनियमच्या वेळी मी गप्प बसले, बोन्सायच्या वेळीही. मधमाश्यांच्या पेटीचं तर मी नावच काढत नाही. पण हा प्रांत माझा आहे, इथे मी बोलणार.

इंच आधी विचारायचे नसतात, आधी माउंट, म्हणजे दुर्बिणीची बैठक, विचारायचा. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते. साध्या तिवईवर कॅमेरा ठेवून उघडा सोडलास की ताऱ्यांच्या रेघोट्या होतात. ढोबळ हिशेब असा : ५०० ला लेन्सच्या फोकल लेंग्थनं भाग, येतील तेवढे सेकंद. ५० मिमीच्या लेन्सला १०, २०० ला अडीच. तुझ्या मनातली आठ इंची नळी हजाराच्या आसपास असणार, म्हणजे अर्धा सेकंद! तेवढ्यात तेजोमेघ काय उमटणार? म्हणून विषुववृत्तीय माउंट घ्यायचा. त्याचा एक अक्ष ध्रुवाच्या रोखानं लावायचा, मग मोटर पृथ्वीचं फिरणं भरून काढते. दुकानदार तुला चकचकीत नळी दाखवील. पैसे मात्र माउंटवर जायला हवेत.

आणि हा माउंट उचलणार कोण? आठ इंचीला ईक्यू-६ च्या ताकदीचा लागतो. त्याचं नुसतं डोकं १७ किलोंचं. वर पाच-पाच किलोंची वजनं, तिवई वेगळी, बॅटरी वेगळी. तुझ्या कमरेचा एमआरआय मी डोळ्यांनी पाहिलाय. तीन मजले, लिफ्ट नाही. डॉक्टरांनी पाण्याची बादलीसुद्धा उचलू नका म्हणून सांगितलं होतं ना, की ते फक्त नीलिमानं ऐकायचं?

जागाही कुठली शोधलीस, तर चाळकेवाडी! अरे, ज्या वाऱ्यासाठी तिथे पवनचक्क्या उभ्या केल्या, त्याच वाऱ्यात तू दुर्बीण उभी करणार? लांब नळीला वारा लागला की एकेका ताऱ्याची चवळीची शेंग होते.

बरं, एक फोटो काढला की काम झालं, असंही नाही. एकाच जागेचे पन्नास-शंभर फोटो काढून सॉफ्टवेअरनं एकावर एक बसवायचे. फोटो चौपट केलेस तर दाणेदारपणा निम्म्यावर येतो, म्हणजे कष्ट चौपट आणि फळ दुप्पट. मग लेन्सला झाकण लावून, तितक्याच वेळाचे आणि तितक्याच थंडीतले काळे फोटो घ्यायचे. त्यांना डार्क म्हणतात, सेन्सरचा स्वतःचा कचरा त्यात कळतो. मग फ्लॅट, म्हणजे एकसारख्या उजेडाचे फोटो. आमच्याकडचा एक पोरगा पहाटे नळीच्या तोंडावर पांढरा गंजिफ्रॉक ताणून धरतो, रबरबँडनं बांधतो आणि उजळत्या आभाळाकडे रोखून फ्लॅट काढतो. काचेवरचा धुळीचा कणन् कण त्यात वडीएवढा दिसतो. हे झालं की चार रात्री कॉम्प्युटरपुढे. सिरिल नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, तेवढाच खर्च वाचेल.

आता माझं नेहमीचं पुराण. ‘आलीच ताई रूपविकारी ताऱ्यांवर’ म्हणून हसू नकोस.

मृगाच्या तेजोमेघाचा पहिला फोटो १८८० साली हेन्री ड्रेपरनं काढला. तो न्यूयॉर्कचा डॉक्टर. १८८३ मध्ये कॉमननं त्याहून कितीतरी सरस काढला, तो सांडपाण्याच्या कामातला इंजिनियर, घराच्या बागेत दुर्बीण लावायचा. १८८८ साली देवयानीतल्या दीर्घिकेचे सर्पिल फाटे फोटोत पकडले ते आयझॅक रॉबर्ट्सनं, तो बांधकामाच्या धंद्यातला. सगळे तुझ्यासारखेच हौशी. पण त्यांच्या प्लेटवर जे उमटलं ते त्याआधी कुणी फोटोत पाहिलेलं नव्हतं. तुझा मृग मात्र आधीच्या लाखो मृगांसारखाच येणार. पहिल्या महिन्यात ग्रुपवर वाहवा होईल, तिसऱ्या महिन्यात नुसते अंगठे येतील, आणि सहाव्या महिन्यात नळीवर चादर पडेल. मी तुला ओळखते.

म्हणून म्हणते, जे बदलतं त्याचे फोटो काढ. राधागोविंद चंद्र जेसोरला सरकारी खजिन्यात कारकून होते. तीन इंची दुर्बीण घेऊन बसले आणि आयुष्यभर रूपविकारी, म्हणजे तेज कमीजास्त होणाऱ्या, ताऱ्यांच्या ३७ हजारांहून जास्त नोंदी करून अमेरिकेतल्या अशा निरीक्षकांच्या संघटनेला पाठवल्या. नोंदी चालू असतानाच त्या संघटनेनं त्यांना सहा इंची दुर्बीण धाडली. आधी नोंदी आणि मग इंच, हा क्रम लक्षात घे. ते जुनं झालं म्हणशील, तर व्हिक्टर बुसोचं घे. अर्जेंटिनातल्या रोझारिओचा कुलपं दुरुस्त करणारा माणूस. २० सप्टेंबर २०१६ च्या रात्री आपल्या घरच्या गच्चीवरून नवा कॅमेरा तपासत होता. एकाच दीर्घिकेचे छोटे छोटे फोटो घेत बसला आणि तारा फुटतानाचा पहिला उजेड त्यात सापडला. भल्याभल्या वेधशाळा ज्याच्या मागे होत्या ते या कुलूपवाल्याला मिळालं. नशीब होतंच, पण तो त्याच त्या जागेचे फोटो काढत राहिला होता, म्हणून नशिबाला जागा मिळाली. आणि हे शहरातून, गच्चीवरून! पठारावरून नव्हे.

तुझ्या गच्चीवरून काय होईल ते सांगते. तुझा जुना डीएसएलआर काढ. ५० मिमीची लेन्स, साधी तिवई, माउंट नको. संध्याकाळी ईशान्येला ययाती वर येतो. त्यातला अल्गोल धर. दर २ दिवस २० तास ४९ मिनिटांनी त्याचा मंद जोडीदार त्याच्यासमोर येतो आणि तो २.१ प्रतीवरून ३.४ पर्यंत उतरतो. उतरून परत चढायला सुमारे १० तास. फोकस किंचित बिघडव, म्हणजे ताऱ्याचा प्रकाश बऱ्याच पिक्सेलांवर पसरतो आणि मोजमाप नीट होतं. शेजारच्या स्थिर ताऱ्यांशी ताडून बघ, आलेख काढ. स्वतःच्या गच्चीवरून दोन सूर्यांचं ग्रहण मोजल्यावर मग मला सांग, मृगाचा फोटो हवा होता का.

हवाच असेल तर काढ, मी काही नाही म्हणत नाही. पण पुढच्या हिवाळ्यात, आणि हातात धरता येईल एवढ्या ट्रॅकरवर. त्याचाही अक्ष ध्रुवाकडेच लावायचा असतो. पण तुझ्या गच्चीवरून उत्तरेला शेजाऱ्यांची पाण्याची टाकी आहे आणि साताऱ्याहून ध्रुव क्षितिजावर जेमतेम १८ अंश, त्यामुळे तो दिसायचा नाही. दुसऱ्या ताऱ्यांचं सरकणं बघूनही अक्ष लावता येतो, मी येऊन दाखवीन.

खरं सांगू का, दुर्बिणीचं मला एवढं नाही. पैसे तुझे आहेत, कष्टाचे आहेत. मला भीती त्या पहाटे चारच्या गाडीची आहे. रात्रभर जागलेला, साठी ओलांडलेला, शुगरवाला माणूस, ठोसेघरची वळणं आणि फोनला रेंज नाही. ८६ साली हॅले बघून येताना काय झालं ते तुलाही आठवतं, मलाही. तेव्हा आपण दोघं होतो म्हणून निभावलं. गेल्या अमावस्येच्या रात्री नीलिमा डोळ्याला डोळा न लावता बसली होती, हे तुला तिनं सांगितलं नसेल. मी सांगते.

तेव्हा जायचंच असेल तर एकटा जायचं नाही. उजाडेपर्यंत गाडीत झोपायचं आणि मगच निघायचं. गोळ्या आणि बिस्किटं खिशात हवीत, डिकीत नाही.

नीलिमाला माझा नमस्कार सांग. मुलांना आशीर्वाद.

तुझी,
ताई

ता. क. : एफडी मोडलीच असशील तर दुर्बिणीची ऑर्डर तरी देऊ नकोस. मी शनिवारच्या एसटीनं येते आहे.